श्वासातली प्रथिने: उच्छ्वासातल्या कणांतून ती कशी काढतात आणि कशी तपासतात?

चष्मा पुसण्यापूर्वी काचेवर तोंडाने वाफ सोडली की काच धुरकट होते. ती धूसर झाक म्हणजे पाणी, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या वाफेबरोबर डोळ्यांना न दिसणारे द्रवाचे कणही बाहेर पडत असतात. ते फुफ्फुसांच्या अगदी आतल्या, बारीक नळ्यांतून येतात आणि त्यांत मीठ, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने असतात. हे कण पकडून त्यांतली प्रथिने वेगळी काढता आली, तर फुफ्फुसात नळी न घालता तिथे काय चालले आहे याचा अंदाज घेता येतो. गेल्या सुमारे दोन दशकांत यावर बरेच काम झाले आहे.

थोडक्यात
• उच्छ्वासात वायू, पाण्याची वाफ आणि अतिसूक्ष्म द्रवकण अशा तीन गोष्टी असतात. प्रथिने फक्त द्रवकणांत असतात.
• एका नमुन्यात साधारण १०० नॅनोग्रॅम इतकाच द्रव मिळतो. साखरेचा एक दाणा त्याच्या हजारो पट जड असतो.
• डीएनएच्या प्रती काढता येतात, प्रथिनांच्या काढता येत नाहीत. म्हणून जे हाती लागले ते वाया न घालवणे हेच या कामातले मुख्य आव्हान आहे.
• ही पद्धत सध्या संशोधनात वापरली जाते. दवाखान्यात रोजच्या निदानासाठी ती अजून आलेली नाही.

श्वासात नेमके काय असते?

बाहेर सोडलेल्या श्वासात बहुतांश नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ असते. याखेरीज त्यात अत्यल्प प्रमाणात शेकडो बाष्पशील रसायने असतात. लायनस पॉलिंग या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये श्वासात अशी सुमारे २५० रसायने असल्याचे दाखवले, तेव्हापासून श्वासाच्या तपासणीकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

आज वापरात असलेल्या बहुतेक श्वास-चाचण्या वायूंवरच चालतात. वाहतूक पोलिसांचे दारू तपासण्याचे यंत्र, दम्याच्या रुग्णांत नायट्रिक ऑक्साइड मोजणारी चाचणी, पोटातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी जिवाणूसाठीची युरिया श्वास-चाचणी ही त्यांची उदाहरणे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२२ मध्ये कोविडच्या ज्या श्वास-चाचणीला तातडीच्या वापरासाठी परवानगी दिली, तीसुद्धा बाष्पशील रसायनेच शोधत होती.

प्रथिनांचे गणित वेगळे आहे. प्रथिनाचा रेणू मोठा आणि जड असतो. तो अल्कोहोलसारखा उडून जात नाही, त्यामुळे वायूच्या रूपात तो श्वासात येऊच शकत नाही. तो बाहेर पडतो तो द्रवाच्या थेंबात बसून. म्हणून श्वासातले प्रथिन हवे असेल, तर आधी थेंब पकडावा लागतो.

हे थेंब तयार कुठे होतात?

श्वासनलिका छातीत उतरली की तिला फांद्या फुटतात, फांद्यांना पुन्हा फांद्या. असे सुमारे २३ टप्पे झाल्यावर वायुकोश येतात. वायुकोश म्हणजे रक्तात प्राणवायू जिथे मिसळतो ते इवले फुगे, आणि त्यांची संख्या काही कोटींत असते. या सगळ्या नळ्यांना आतून द्रवाचा पातळ थर असतो.

खोल भागातल्या या थरात ‘सर्फॅक्टंट’ नावाचे मिश्रण असते. त्यात सुमारे ९० टक्के स्निग्ध पदार्थ आणि १० टक्के प्रथिने असतात. साबणामुळे पाण्याचा ताण कमी होतो, तसेच काम ते फुफ्फुसात करते आणि श्वास सोडताना वायुकोश मिटून चिकटू देत नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना श्वास घेणे जड जाते, त्यामागे सर्फॅक्टंटचीच कमतरता असते, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले.

आपण श्वास पूर्ण सोडतो, तेव्हा सर्वांत बारीक नळ्यांपैकी काही मिटतात. समोरासमोरच्या भिंतींवरचे थर एकमेकांना टेकतात. पुढचा श्वास घेताना नळी उघडते, मधला द्रवाचा पडदा ताणला जातो आणि फुटतो. साबणाचा फुगा फुटल्यावर जसे बारीक तुषार उडतात, तसेच इथे होते. ते तुषार आत येणाऱ्या हवेबरोबर खोल जातात आणि पुढच्या उच्छ्वासात बाहेर पडतात.

ही नुसती कल्पना नाही. श्वास जास्तीत जास्त बाहेर सोडून मग घेतला की कणांची संख्या कित्येक पटींनी वाढते, हे मोजून पाहिलेले आहे. उलट, श्वास आत घेऊन थोडा वेळ रोखून धरला की बाहेर येणारे कण कमी होतात, कारण तेवढ्या वेळात ते आतच खाली बसतात. खोकणे, बोलणे, गाणे यांतून निघणारे कण घसा, स्वरयंत्र आणि तोंडातूनही येतात. शांत आणि खोल श्वासातले कण मात्र मुख्यतः बारीक नळ्यांतले असतात.

कणांचा आकार साधारण अर्ध्या मायक्रॉनपासून काही मायक्रॉनपर्यंत असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास असते, यावरून कण किती लहान आहेत ते कळेल.

बारीक नळ्यांचीच एवढी काळजी का?

२ मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या नळ्यांना वैद्यकात ‘लहान श्वासमार्ग’ म्हणतात. त्या संख्येने इतक्या जास्त आहेत की सगळ्यांचा मिळून हवेला होणारा अडथळा फारच थोडा असतो. त्यामुळे त्यांतल्या बऱ्याच खराब झाल्या तरी माणसाला धाप लागत नाही आणि फुंकून करायच्या नेहमीच्या स्पायरोमेट्री चाचणीतही फरक दिसत नाही. जेरे मीड यांनी १९७० मध्ये या भागाला फुफ्फुसाचा ‘शांत प्रदेश’ म्हटले होते.

सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा दीर्घकालीन आजार, याच शांत प्रदेशात सुरू होतो. अहवालात तो उमटतो, तोवर बऱ्याच नळ्या गेलेल्या असतात आणि त्या परत येत नाहीत. भारतात सीओपीडी हे मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. तो फक्त विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो, हा समजही चुकीचा आहे. लाकूडफाटा आणि गोवऱ्यांच्या चुलीपुढे वर्षानुवर्षे स्वयंपाक केलेल्या बायकांनाही तो होतो, आणि धुरामुळे होणाऱ्या या प्रकारात बारीक नळ्यांचे नुकसान जास्त ठळक असते.

या नळ्यांपर्यंत पोहोचायचे सध्याचे मार्ग फार सोपे नाहीत. ब्रॉन्कोस्कोपीत घशातून दुर्बीण घालून फुफ्फुसाचा एक भाग सलाइनने धुतात आणि ते पाणी परत खेचून घेतात. त्यासाठी रुग्णालय, भूल देणारे औषध आणि तज्ज्ञ डॉक्टर लागतात, आणि धाप लागलेल्या रुग्णात ती जोखमीची ठरू शकते. दुसरा मार्ग खारट वाफ देऊन बेडका काढायला लावण्याचा. पण बेडका मुख्यतः मोठ्या नळ्यांतून येतो, आणि लहान मुलांना किंवा कोरडा खोकला असलेल्यांना तो काढता येत नाही. शांतपणे श्वास सोडून नमुना मिळाला तर तो दर काही महिन्यांनी पुन्हा घेता येईल, हे या पद्धतीचे खरे आकर्षण आहे.

आधीची पद्धत: श्वास थंड करून पाणी गोळा करणे

श्वास थंड नळीतून नेला की वाफेचे पाणी होते. १० ते १५ मिनिटांत एक-दोन मिलिलिटर पाणी जमते. याला ‘उच्छ्वासाचे घनीकृत पाणी’ म्हणता येईल. अमेरिका आणि युरोपातल्या श्वसनरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २००५ मध्ये या पद्धतीसाठी मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या.

पद्धत स्वस्त आणि सोपी आहे, पण तिच्यात एक मोठी अडचण आहे. जमलेल्या द्रवात ९९ टक्क्यांहून जास्त भाग निव्वळ वाफेचे पाणी असते. फुफ्फुसातला खरा द्रव त्यात कणभर मिसळलेला असतो, आणि तो किती मिसळला हे कळत नाही. एखाद्या रुग्णात प्रथिन कमी आढळले, तर ते खरोखर कमी आहे की त्या दिवशी कण कमी आले, हे सांगता येत नाही. ताकात पाणी किती घातले हे माहीत नसताना मूळ दही किती घट्ट होते हे सांगण्यासारखेच ते आहे.

कण मोजून पकडण्याची पद्धत

या अडचणीवर स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातील ॲना-कारिन ओलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाय शोधला. त्यांनी वाफ थंड करण्याऐवजी कणच गोळा करायचे ठरवले, आणि तेही मोजून. ‘पार्टिकल्स इन एक्सहेल्ड एअर’ या नावाने ही पद्धत ओळखली जाते. नमुना घेण्याचे टप्पे असे:

१. स्वच्छ हवा. माणूस नाकाला चिमटा लावून तोंडातल्या नळीतून श्वास घेतो. त्याला मिळणारी हवा दाट फिल्टरमधून गाळलेली असते. खोलीतली धूळ आधी फुफ्फुसातून निघून जावी म्हणून सुरुवातीला काही मिनिटे नुसताच श्वास घेतात.

२. श्वासाची ठरावीक पद्धत. श्वास जमेल तेवढा बाहेर सोडायचा, काही सेकंद तसेच थांबायचे, मग झटकन पूर्ण श्वास घ्यायचा आणि नेहमीच्या वेगाने सोडायचा. थांबण्याच्या त्या काही सेकंदांत बारीक नळ्या मिटतात आणि श्वास घेताना उघडतात. हाच क्रम पुन्हा पुन्हा करतात.

३. उबदार यंत्र. यंत्राचा आतला भाग शरीराच्या तापमानाजवळ ठेवतात, म्हणजे वाफेचे पाणी होत नाही आणि कण पातळ होत नाहीत.

४. मोजणी. हवेचा काही भाग प्रकाशझोतातून जातो. प्रत्येक कण प्रकाश विखुरतो, त्यावरून कणांची संख्या आणि आकार कळतो. आकारावरून वजनाचा हिशेब होतो.

५. पकडणे. उरलेली हवा बारीक छिद्रांतून वेगाने एका पातळ पडद्यावर सोडतात. पडद्याजवळ हवा एकदम वळते. घाटातल्या वळणावर एसटी वळते आणि उभे प्रवासी मात्र सरळ दिशेने कलंडतात, तसेच इथे घडते. हलकी हवा वळते, जड कण वळू न शकल्याने पडद्यावर आदळून चिकटतात. पडदा टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा असतो.

वजनाचा आकडा डोळ्यांसमोर दिसत असल्यामुळे सगळ्यांकडून सारखाच नमुना घेता येतो. काही अभ्यासांत तो १०० नॅनोग्रॅमच्या आसपास होता. तेवढा जमला की थांबायचे. एखाद्याला त्यासाठी थोडे श्वास पुरतात, एखाद्याला बरेच लागतात. पण मूळ द्रव किती आहे हे कळलेले असते, आणि घनीकृत पाण्याच्या पद्धतीत नेमके तेच कळत नव्हते.

१०० नॅनोग्रॅम म्हणजे किती?

एक मायक्रॉन व्यासाच्या थेंबाचे आकारमान साधारण अर्धा फेम्टोलिटर भरते. घनता पाण्याइतकी धरली, तर एक नॅनोग्रॅम द्रवासाठी असे सुमारे १,९०० थेंब लागतात. म्हणजे १०० नॅनोग्रॅमसाठी जवळपास दोन लाख थेंब झाले. एवढे करूनही पडद्यावर जे साचते ते नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही.

आता हा द्रव पडद्यावरून सोडवण्यासाठी १०० मायक्रोलिटर, म्हणजे दोन-तीन थेंब, द्रावण वापरले असे समजा. त्याचे वजन सुमारे १०० मिलिग्रॅम होते. म्हणजे फुफ्फुसातला मूळ द्रव एका झटक्यात दहा लाख पटींनी पातळ झाला. मूळ द्रवात एखादे प्रथिन एक टक्का असेल, तर द्रावणात त्याचे प्रमाण दर मिलिलिटरमागे १० नॅनोग्रॅम राहते. हे चांगल्या चाचणीत मोजता येते. पण एखादे प्रथिन त्याच्याही हजारपट कमी असेल, तर प्रमाण दर मिलिलिटरमागे १० पिकोग्रॅमवर येते आणि अनेक चाचण्यांचे हात तिथे टेकतात. श्वासातल्या कणांत मुबलक असलेली प्रथिने सहज सापडतात आणि दाह घडवणारी दुर्मीळ प्रथिने निसटतात, त्याचे कारण हेच.

प्रथिने पडद्यावरून कशी काढतात?

नमुना घेतल्यावर पडदा चिमट्याने उचलून छोट्या नळीत ठेवतात आणि लगेच उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवतात. सामान्य तापमानाला ठेवला तर द्रवातलीच काही विकरे, म्हणजे एन्झाइम, बाकीच्या प्रथिनांचे तुकडे करू लागतात.

पुढे पडद्यावर थोडेसे बफर द्रावण घालतात. बफर म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारे क्षारयुक्त पाणी. त्यात सौम्य डिटर्जंट मिसळलेले असते. कपड्यावरचा तेलकट डाग जसा साबणाने सुटतो, तसे स्निग्ध पदार्थांत अडकलेले प्रथिन डिटर्जंटमुळे सुटून द्रावणात येते. नळी कोमट ठेवून साधारण तासभर हलवत ठेवतात, मग वेगाने फिरवून द्रव खाली जमा करतात. हाच द्रव तपासणीसाठी जातो.

ऐकायला सोपे असलेल्या या कामात नुकसान तीन ठिकाणी होते.

पहिले नुकसान पडद्यावर. काही प्रथिने पडद्याला इतकी घट्ट चिकटतात की सुटतच नाहीत. म्हणून प्रयोगशाळा आधी ठरावीक मात्रेचे शुद्ध प्रथिन कोऱ्या पडद्यावर टाकून ते किती परत मिळते हे तपासतात. शंभर टाकून साठच परत आले, तर पुढचे सगळे आकडे त्या हिशेबाने वाचावे लागतात.

दुसरे नुकसान नळीच्या भिंतीवर. प्रथिनांना प्लास्टिकला चिकटण्याची सवय असते. मिलिग्रॅमभर प्रथिन असताना त्यातले नॅनोग्रॅमभर चिकटले तर कोणाला पत्ता लागत नाही. पण एकूण प्रथिनच काही नॅनोग्रॅम असेल तर भिंतच सगळे खाऊन टाकते. म्हणून कमी चिकटणाऱ्या खास नळ्या वापरतात आणि द्रव एका नळीतून दुसरीत ओतण्याच्या फेऱ्या कमीत कमी ठेवतात.

तिसरी अडचण भेसळीची. हाताळणाऱ्याच्या त्वचेतून आणि केसांतून झडणारे केराटिन हे प्रथिन नमुन्यात सहज पडते, आणि इतक्या छोट्या नमुन्यात तेच जास्त भरते. तोंडातली लाळही मिसळू शकते. लाळेत अमायलेज हे एन्झाइम भरपूर असते, त्यामुळे नमुन्यात अमायलेज सापडले की लाळ शिरल्याची शंका घेता येते. यासाठीच प्रत्येक वेळी एक कोरा पडदाही त्याच सगळ्या टप्प्यांतून नेतात. कोऱ्या पडद्यात जे दिसते ते फुफ्फुसातले नव्हे, हे उघड आहे.

कोणती चाचणी, त्यावर द्रावण ठरते

काढलेल्या प्रथिनांचे पुढे काय करायचे हे आधीच ठरवावे लागते, कारण एका चाचणीला चालणारे द्रावण दुसरीला चालत नाही.

एलायझा. एकच ठरलेले प्रथिन किती आहे हे मोजायचे असेल, तर ही जुनी आणि खात्रीची चाचणी. त्या प्रथिनालाच चिकटणाऱ्या अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंड, वापरतात आणि रंगाच्या गडदपणावरून प्रमाण काढतात. यात द्रावणात गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन मुद्दाम मिसळता येते. ते स्वतः भिंतींना चिकटून बसते आणि आपल्याला हवे असलेले प्रथिन वाचवते.

मास स्पेक्ट्रोमेट्री. नमुन्यात कोणकोणती प्रथिने आहेत याची यादीच हवी असेल, तर ही पद्धत. इथे गाईचे अल्ब्युमिन चालत नाही, कारण यंत्राला सगळीकडे तेच दिसेल. डिटर्जंटही यंत्रात जाण्यापूर्वी काढून टाकावे लागते. आधी प्रथिनांची घडी उलगडतात, मग ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमने त्यांचे ठरावीक जागी तुकडे करतात. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांनंतरच कापते, त्यामुळे कोणत्या प्रथिनाचे कोणते तुकडे होतील हे आधीच सांगता येते. तुकड्यांची वजने अचूक मोजून संगणक मूळ प्रथिन ओळखतो. प्रथिनांसारखे मोठे रेणू न मोडता विद्युतभारित करण्याची युक्ती शोधल्याबद्दल जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला होता. तिच्याशिवाय हे मोजमाप शक्य झाले नसते.

डीएनए-टॅग पद्धती. प्रथिनाच्या प्रती काढता येत नाहीत, ही मूळ अडचण इथे वळसा घालून सोडवतात. एकाच प्रथिनाला चिकटणाऱ्या दोन अँटीबॉडींना डीएनएचे छोटे धागे जोडलेले असतात. दोन्ही एकाच रेणूवर शेजारी बसल्या की धागे जुळतात. त्या जुळलेल्या धाग्याच्या प्रती पीसीआरने काढता येतात. कोविडच्या काळात घराघरांत पोहोचलेली पीसीआर ती हीच. त्यामुळे एखाद-दुसऱ्या मायक्रोलिटरमध्ये अनेक प्रथिने एकाच वेळी तपासता येतात.

आतापर्यंत काय सापडले?

गोथेनबर्गच्या गटाने २०१२ मध्ये ‘क्लिनिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात श्वासातल्या कणांमध्ये १२४ प्रथिने ओळखली. त्यासाठी अनेक नमुने एकत्र करावे लागले होते. सापडलेली प्रथिने फुफ्फुस धुऊन मिळणाऱ्या द्रवातल्या प्रथिनांशी बऱ्यापैकी जुळत होती. म्हणजे हे कण खरोखरच खोल भागातून येतात, याला आणखी पुरावा मिळाला.

या यादीतल्या दोन प्रथिनांवर जास्त काम झाले आहे. एक ‘सर्फॅक्टंट प्रोटीन ए’. ते फुफ्फुसातच तयार होते आणि जंतूंना चिकटून त्यांना ओळखायला रोगप्रतिकारक पेशींना मदत करते. दुसरे अल्ब्युमिन. ते यकृतात तयार होऊन रक्तातून येते, त्यामुळे त्याचे वाढलेले प्रमाण भिंतीतून गळती होत असल्याची खूण ठरू शकते.

सीओपीडीच्या रुग्णांच्या एका प्राथमिक अभ्यासात (२०१५) श्वासातल्या कणांतले सर्फॅक्टंट प्रोटीन ए निरोगी लोकांपेक्षा कमी आढळले. फुफ्फुस प्रत्यारोपणानंतर ज्यांच्या बारीक नळ्या हळूहळू बंद होत जातात, अशा रुग्णांतही ते कमी असल्याचे दिसले. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला हा बिघाड लवकर कळणे फार महत्त्वाचे असते, कारण बंद झालेली नळी औषधाने पुन्हा उघडत नाही. स्वीडनमधल्याच लुंड इथल्या संशोधकांनी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत उच्छ्वासातल्या कणांचा ओघ सतत मोजून फुफ्फुसाची इजा ओळखता येईल का, हेही तपासले आहे.

क्षयरोगातही उच्छ्वासातले कण पकडण्याचे प्रयोग झाले आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया इथे रुग्णांच्या मास्कमध्ये बसवलेल्या पट्टीवर जमलेले जिवाणू शोधले गेले. तिथे प्रथिने नव्हे तर जिवाणूंचा डीएनए तपासला होता, पण नमुना पकडण्यामागचा विचार सारखाच. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे आणि लहान मुलांचा बेडका मिळवणे हे इथल्या डॉक्टरांपुढचे रोजचे कोडे आहे. म्हणून या दिशेच्या कामाकडे भारतातूनही लक्ष ठेवावे असे आहे.

मग दवाखान्यात ही चाचणी का मिळत नाही?

कारणे अनेक आहेत. नमुना इतका छोटा असतो की त्यातून एक-दोन चाचण्याच होतात, फेरतपासणीला काही उरत नाही. कणांची संख्या माणसागणिक फार बदलते. वय, फुफ्फुसाचा आकार आणि श्वास किती पूर्ण सोडला यावर ती अवलंबून असते. खूप धाप लागलेल्या रुग्णाला सांगितलेल्या पद्धतीने श्वास सोडणे जमतेच असे नाही. निरोगी माणसात कोणते प्रथिन किती असावे, याचे सर्वमान्य आकडे अजून ठरलेले नाहीत. आणि बरेचसे अभ्यास थोड्या लोकांवर झालेले आहेत. दोन गटांच्या सरासरीत फरक दिसणे वेगळे आणि समोर बसलेल्या एका माणसाला आजार आहे की नाही हे सांगता येणे वेगळे.

समाजमाध्यमांवरच्या दाव्यांकडे कसे पाहावे?

२०२० मध्ये ‘दहा सेकंद श्वास रोखता आला तर तुम्हाला कोरोना नाही’ असा संदेश फिरत होता. जागतिक आरोग्य संघटनेने तो खोटा असल्याचे स्पष्ट केले होते. श्वासाच्या चाचण्यांबद्दल असे संदेश पुढेही येत राहतील. ‘एका फुंकरीत कर्करोग ओळखा’ असे काही दिसले, तर पुढे पाठवण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत:

• चाचणी श्वासातले वायू मोजते की कण? दोन्हींची विश्वासार्हता वेगवेगळी तपासावी लागते.
• ती किती लोकांवर तपासली? आणि ज्या लोकांवर बेतली त्यांच्यावरच तपासली की नव्या लोकांवरही?
• निरोगी माणसाला चुकून आजारी ठरवण्याचे प्रमाण किती?
• तिला औषध नियामकाची परवानगी आहे का, की ती अजून संशोधनातच आहे?

आणि एक साधी गोष्ट. तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, जिना चढताना नव्याने लागणारी धाप, छातीतली घरघर किंवा बेडक्यातून रक्त येणे, यांपैकी काही असेल तर नव्या यंत्राची वाट पाहू नये. डॉक्टरांना दाखवावे. त्यांनी सांगितलेली स्पायरोमेट्री, एक्स-रे आणि बेडक्याची तपासणी आजही उपलब्ध आहे.